मनालीच्या बर्फात फॅट बाइक: हवा किती ठेवायची आणि किती वाजता निघायचे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घरी २६ बाय ४ इंची टायरची साधी भारतीय बनावटीची फॅट बाइक आहे, पुढे ३ आणि मागे ७ चकत्या, वायरवर चालणारे डिस्क ब्रेक, वजन १९ किलोच्या आसपास. डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात तुम्ही, पत्नी आणि १३ वर्षांचा मुलगा पुण्याहून मनाली आणि पुढे अटल बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाला चालला आहात. सायकल न्यावी का, बर्फात ती चालेल का आणि चाकात हवा किती ठेवायची?

चालेल. मात्र ‘बर्फात चालते’ म्हणजे कुठल्याही बर्फात चालते असे नाही. फॅट बाइकच्या जाहिरातीत मऊशार, गुडघाभर बर्फातून सायकल उडत जाताना दिसते, तसे प्रत्यक्षात होत नाही. ताज्या, भुसभुशीत बर्फाचा थर वीतभर झाला की ४ इंची काय आणि ५ इंची काय, चाक रुतते. ही सायकल चालते ती दाबलेल्या बर्फावर: गाड्यांनी, घोड्यांनी, माणसांच्या पायांनी तुडवलेला आणि रात्रीच्या थंडीने घट्ट धरलेला बर्फ. परदेशात त्यासाठी यंत्राने दाबून तयार केलेल्या वाटा असतात. सोलंग किंवा सिस्सूमध्ये तशा नाहीत, त्यामुळे वाट शोधण्याचे काम तुमचे.

बर्फ चालण्याजोगा आहे की नाही हे ओळखायला फार अक्कल लागत नाही, बूट पुरतो. टायर जमिनीवर जो दाब देतो तो साधारण त्याच्या आतल्या हवेच्या दाबाइतकाच असतो. तुम्ही ७५ किलोचे, सायकल १९ किलोची, म्हणजे ९४ किलो. टायरमध्ये ५ पीएसआय (हवेचा दाब मोजायचे एकक) हवा असेल तर हे वजन पेलायला दोन्ही चाकांचा मिळून २६५ चौरस सेंटिमीटरच्या आसपास भाग जमिनीला टेकतो. तीच हवा २० पीएसआय केली की टेकणारा भाग ६५ चौरस सेंटिमीटरवर येतो, आणि मग टायर रुंद असून उपयोग नाही, तो पात्यासारखा बर्फ कापत जातो. आता बुटाचा हिशोब बघा. चालताना एका पायावर पूर्ण भार येतो तेव्हा तळव्याचा दाब ५ ते ६ पीएसआय भरतो. म्हणजे योग्य हवेची फॅट बाइक आणि तुमचा पाय बर्फाला जवळजवळ सारख्याच जोराने दाबतात. सायकल वाटेवर घालण्याआधी दहा-बारा पावले चाला. बूट तळव्याच्या जाडीइतकाच रुतला तर बसा. तीन-चार बोटे आत गेला तर सायकल ढकलावीच लागणार. चालायला लागल्यावरची खूण वेगळी: मागे वळून चाकाची चाकोरी बघा. ती इंचापेक्षा खोल असेल किंवा सायकल सरळ धरता येत नसेल, तर वाट अजून किंवा आता मऊ आहे. खोल चाकोऱ्या रात्री गोठतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच वाटेने चालणाऱ्याचा पाय मुरगळतो, म्हणून अशा वाटेवरून उतरायचे.

आता हवा, म्हणजे सगळ्यात महत्त्वाचे. पुण्यातला सायकलवाला फॅट बाइकमध्ये २० ते ३० पीएसआय भरून देतो, कारण डांबरावर तीच हलकी पळते. बर्फावर ७५ किलोच्या माणसाने ६ पीएसआयपासून सुरुवात करावी. गाड्यांनी दाबून कडक केलेला रस्ता असेल तर ७ ते ८, पायवाट असेल तर ५, ऊन लागून वरचा थर सैल झाला तर ४. मधे कोरडे डांबर लागले आणि ते अर्धा-एक किलोमीटरपेक्षा जास्त असेल तर १२ च्या वर न्या, नाहीतर सायकल चिखलातून ओढल्यासारखी वाटेल. पुढच्या चाकात मागच्यापेक्षा अर्धा ते एक पीएसआय कमी ठेवा, कारण भार मागे जास्त असतो आणि रुतते ते आधी पुढचे चाक. मुलाचे वजन ४० किलोच्या आसपास असेल तर त्याला ४ पुरे. आपल्याकडच्या स्वस्त सायकलींचे टायर जाड आणि ताठ असतात, थंडीत रबर आणखी कडक होते, त्यामुळे परदेशी तक्त्यांतल्या आकड्यापेक्षा एखादा पीएसआय कमीच लागतो.

आकड्यांपेक्षा टायर बघून ठरवलेले बरे. सायकलवर बसा आणि कुणाला तरी बाजूने बघायला सांगा. टायरच्या कडेला हलक्या सुरकुत्या दिसायला हव्यात. अजिबात नसतील तर हवा जास्त आहे. सुरकुत्या खोल होऊन रिम जमिनीच्या दिशेने बसल्यासारखी वाटली तर कमी आहे. चालवताना सायकल चेंडूसारखी उसळली तर थोडी सोडा. हँडल स्वतःहून एका बाजूला ओढू लागले तर थोडी भरा. एका वेळी अर्धाच पीएसआय बदलायचा. या पातळीवर अर्ध्याने पडणारा फरक डांबरावरच्या पाचाइतका असतो.

इथेच बहुतेकांची फसगत होते, कारण मापायला काहीच नसते. उभ्या पंपाचा काटा १६० पर्यंतचा असतो आणि पहिल्या १० पीएसआयमध्ये तो जे दाखवतो त्याला काही अर्थ नाही. ० ते १५ किंवा फार तर ० ते ३० पीएसआयचे वेगळे गेज घ्या. व्हॉल्व्ह मोटारसायकलसारखा जाड आहे की बारीक, हे आधी बघून घ्या. भारतीय फॅट बाइकमध्ये बहुधा जाडच असतो.

दुसरी गफलत हॉटेलच्या खोलीतली. हीटर लावलेल्या २० अंशांच्या खोलीत तुम्ही मोजून ५ पीएसआय भरलेत आणि बाहेर उणे ५ अंशांत आलात, तर टायर गार झाल्यावर गेज साधारण साडेतीन दाखवेल. हवा कुठे गळालेली नाही, ती आक्रसली आहे. उलट मनालीहून सिस्सूला गेलात की २,०५० मीटरवरून ३,१०० मीटरवर चढता, बाहेरच्या हवेचा दाब घटतो आणि तेच टायर दीडेक पीएसआय जास्त भरल्यासारखे वागते. म्हणून हवा जिथे चालवायची तिथेच, सायकल पंधरा-वीस मिनिटे बाहेर उभी करून मग ठरवायची.

तिसरी गोष्ट फारसे कुणी सांगत नाही. इतक्या कमी हवेत टायर रिमवरून हळूहळू सरकतो आणि ट्यूबलाही सोबत फिरवतो. व्हॉल्व्ह रिमच्या भोकात तिरपा होतो आणि शेवटी बुडाशी फाटतो. हे पंक्चर चिकटवून दुरुस्त होत नाही, ट्यूबच जाते. दर अर्ध्या तासाने व्हॉल्व्ह सरळ आहे का बघा. तिरपा दिसला तर सगळी हवा सोडा, टायर हाताने मागे सरकवा आणि पुन्हा भरा. व्हॉल्व्हवर चकती असेल तर ती रिमला घट्ट आवळू नका. आवळली की व्हॉल्व्ह तिरपा झालेला दिसत नाही, थेट फाटतो. जास्तीच्या दोन ट्यूब पुण्यातूनच न्या. ४ इंची ट्यूब मनालीत मिळेल या भरवशावर राहू नका. हातपंप मोठ्या नळीचा घ्या. छोट्या पंपाने हे टायर भरायचे म्हणजे दोन-अडीचशे झटके, आणि ३,००० मीटरवर त्यातच धाप लागते.

वेळ सकाळची. रात्री गोठलेला बर्फ ऊन लागेपर्यंत घट्ट असतो. सिस्सूसारख्या खोल दरीत ऊन उशिरा उतरते, त्यामुळे तिथे सोलंगपेक्षा थोडा जास्त वेळ मिळतो. ऊन चांगले तापले की वरचा थर साखरेसारखा सुटतो आणि दुपारी त्याचा पाणचट लगदा होतो. त्या लगद्यातून जाण्यात ना मजा, ना व्यायाम. सहलीच्या चार दिवसांत दोन सकाळी, प्रत्येकी दीड-दोन तास, एवढेच खरे सायकलिंग होईल असे धरून चाला. बाकी वेळ कुटुंबाला द्या, नाहीतर घरचे पुन्हा सायकल नेऊ देणार नाहीत.

बर्फ असेल का, हाही प्रश्न आहे. डिसेंबरच्या शेवटी मनाली गावात बर्फ असतोच असे नाही. तो पश्चिमी झंझावात कधी येतात त्यावर अवलंबून असतो आणि कित्येकदा नाताळ कोरडा जातो. सोलंग साधारण २,५०० मीटरवर आहे, तिथेही थर पातळ असू शकतो. अटल बोगद्यापलीकडे सिस्सू-कोकसरला शक्यता जास्त. निव्वळ सायकलसाठी जायचे असते तर जानेवारीचा शेवट किंवा फेब्रुवारी सांगितला असता. पण तेव्हा मुलांची शाळा असते, आणि लाहौलमध्ये हालडासारख्या सणांच्या दिवसांत काही गावे पर्यटन बंद ठेवतात, म्हणजे हॉटेलवाल्याला आधी विचारणे आलेच. जास्त बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर किंवा साखळ्या लावलेल्या गाड्याच पुढे सोडतात. टॅक्सी ठरवताना हे आणि ‘वर सायकल बांधायची आहे’ हे दोन्ही एकदमच सांगा.

सायकल कशी न्यायची? विमानाने नेणे महागात पडते. देशांतर्गत तिकिटात साधारण १५ किलो सामान धरलेले असते आणि तुमची सायकल खोक्यासकट २२ किलोच्या पुढे जाईल. कुणी बॅटरीवरची फॅट बाइक न्यायचे म्हणत असेल तर तो विचारच सोडा: १६० वॉट-तासांपेक्षा मोठी लिथियम बॅटरी प्रवासी विमानात चालत नाही आणि ई-बाइकची बॅटरी त्याच्या दुप्पट-तिप्पट असते. झेलम एक्सप्रेसने अंबाल्यापर्यंत पार्सलने नेणे आणि पुढे गाडी करणे हा रास्त मार्ग आहे. सायकल निघण्याच्या एक-दोन दिवस आधी पार्सल ऑफिसला पोहोचवा. ती तुमच्याच गाडीत चढेल याची खात्री नसते.

साध्या सायकलीच्या खोक्यात हे टायर मावत नाहीत. दोन्ही चाकांतली हवा पूर्ण सोडून टायर चपटे करा, पुढचे चाक काढून फ्रेमला लावून बांधा, हँडल आडवे फिरवा. पेडल काढताना डावीकडच्या पेडलचे आटे उलटे असतात. ते घड्याळाच्या दिशेने फिरवले की सुटते, हे विसरून जोर लावला तर क्रँकचे, म्हणजे पेडलच्या दांड्याचे, आटे जातात. मागचा गिअर बदलणारा डिरेल्युअर खोलून चेनसकट फ्रेमच्या आत बांधा. प्रवासात सगळ्यात आधी तोच वाकतो. पुढच्या ब्रेकच्या पॅडमध्ये पुठ्ठ्याचा जाड तुकडा घाला. पुढचे चाक धरणाऱ्या फोर्कच्या दोन पायांत लाकडी ठोकळा बसवा.

निघण्याआधी पेठेतल्या सायकलवाल्याकडून तीन कामे करून घ्या. मागचे फ्रीव्हील धुऊन त्यात पातळ तेल सोडायचे. पुण्याच्या धुळीने घट्ट झालेले जुने ग्रीस थंडीत आणखी घट्ट होते, आतल्या खिट्या चिकटतात आणि पेडल मारले तरी चाक फिरत नाही. चाकांच्या आसातले छर्रे धुऊन साधे, हलके ग्रीस भरायचे. आणि ब्रेक-गिअरच्या वायरी बाहेर काढून, आवरण कोरडे करून तेल लावून परत घालायच्या. आवरणात पाणी शिरले की दिवसा काही कळत नाही, रात्री ते गोठते आणि सकाळी ब्रेक दाबला की सुटत नाही. वायरचे ब्रेक आहेत म्हणून मन खट्टू करून घेऊ नका. कडक थंडीत तेलाच्या ब्रेकपेक्षा ते दुरुस्तीला सोपे.

गिअरची चिंता नको. पुढची लहान चकती २४ दात्यांची आणि मागची मोठी २८ ची असेल, तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल जेमतेम २ मीटर जाते. मिनिटाला ६० फेरे मारले तर ताशी ७ किलोमीटर. बर्फात हाच वेग खरा. सीट नेहमीपेक्षा एक-दोन सेंटिमीटर खाली घ्या, म्हणजे तोल गेला की पाय लगेच टेकतो.

चालवण्याची पद्धत डांबरापेक्षा वेगळी आहे आणि पहिल्या अर्ध्या तासात वैताग येणार, हे धरून चाला. निघताना हलका गिअर, पुढचे पेडल घड्याळातल्या दोनच्या ठिकाणी, आणि बसूनच सावकाश दाब. उभे राहून जोर लावला की मागच्या चाकावरचा भार जातो आणि ते जागच्या जागी फिरून खड्डा खणते. चाक फिरायला लागले की थांबा, उतरा, दोन पावले पुढे घट्ट जागा बघून पुन्हा बसा. चढावर पाठ थोडी पुढे झुकवा, बूड सीटवरच ठेवा. हात सैल हवेत. पुढचे चाक इकडे-तिकडे थोडे भटकतेच, प्रत्येक हेलकाव्याला हँडलने उत्तर दिले की नक्की पडाल. वळण हँडल फिरवून घेण्यापेक्षा अंग किंचित कलवून, मोठ्या वर्तुळात घ्या. ब्रेक आधी मागचा, हळूहळू, आणि वळणाच्या अलीकडे. नजर चाकापुढे नको, आठ-दहा मीटर पुढे हवी.

पक्का गोठलेला, काचेसारखा बर्फ मात्र वेगळा प्राणी आहे. डांबरावर वितळलेले पाणी रात्री गोठते, त्याचा काळपट पातळ थर दिसतही नाही. तिथे रुंद टायर काही कामाचा नाही. धातूचे खिळे बसवलेले टायर लागतात आणि ते तुमच्याकडे नसणार. पुलावर, डोंगराच्या सावलीतल्या वळणावर आणि झऱ्याचे पाणी रस्त्यावर येते तिथे उतरून कडेने चाला. गोठलेल्या तळ्यावर सायकल घालून फोटो काढायचा मोह मुलाला होईलच. त्याला आधीच सांगून ठेवा.

कपड्यांत पुणेकर एकच चूक करतात: फार घालतात. हॉटेलच्या दारात थोडी थंडी वाजत असेल तर कपडे बरोबर आहेत, कारण दहा मिनिटांत अंग तापते. आत घाम ओढून घेणारे थर्मल, वर वारा अडवणारे पातळ जॅकेट, आणि थांबल्यावर घालायचे जाड जॅकेट पाठीवरच्या पिशवीत. सुती बनियन नको. घामाने भिजले की ते वाळत नाही आणि थांबल्याबरोबर हुडहुडी भरते. उतारावर वारा लागतो तो वेगळाच: उणे ५ अंशांत ताशी २० किलोमीटरने गेलात की चेहऱ्याला ते उणे ११-१२ सारखे लागते. बूट एक नंबर मोठे घ्या. दोन मोजे कोंबून बूट आवळला की रक्त फिरत नाही आणि बोटे आधी गार पडतात. पेडल प्लास्टिकचे, सपाट आणि रुंद. धातूचे पेडल तळव्यातून उष्णता ओढते. हातांसाठी उत्तरेकडे स्कूटरच्या हँडलला लावतात ती जाड कव्हरे मिळतात. ती सायकलच्या हँडलवर बसतात आणि महागड्या हातमोज्यांपेक्षा भारी पडतात. त्यांच्या आत पातळ हातमोजा पुरतो, ब्रेक नीट दाबता येतो. काळा चष्मा आणि सनस्क्रीन विसरू नका: ताजा बर्फ अतिनील किरणांचा ८० टक्क्यांपर्यंत भाग परत फेकतो, उन्हाळ्यात पर्वतीवर लागते त्यापेक्षा हे ऊन वाईट. पाणी कोमट करून थर्मासच्या बाटलीत न्या. पाठीवरच्या पाण्याच्या पिशवीची नळी गोठते. फोन आतल्या खिशात, अंगाला लागून, नाहीतर बॅटरी ४० टक्के असतानाच तो बंद पडेल.

उंचीचा विचार करा. पुणे ५६० मीटरवर आहे. मनालीत दोन रात्री काढूनच सिस्सूला सायकल चालवा. डोके दुखणे, मळमळ, जेवण न जाणे यांतले काही दिसले तर त्या दिवशी सायकल नाही, आणि वाढत गेले तर खाली मनालीला परत. मुले पुष्कळदा बोलत नाहीत, नुसती चिडचिड करतात, तिकडे लक्ष ठेवा.

हिमस्खलनाची भीती उतारावर चालणाऱ्यांनाच, हा गैरसमज आहे. ३० ते ४५ अंशांच्या उतारावरून सुटलेला बर्फ खालच्या सपाट वाटेवर येऊन पसरतो आणि सिस्सू-कोकसरची वाट अशाच डोंगरांच्या पायथ्याने जाते. मोठ्या बर्फवृष्टीनंतर पहिले २४ ते ४८ तास गावाबाहेर सायकल काढू नका. चंदीगडची डीजीआरई संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते आदल्या रात्री बघा. स्कीइंगच्या उतारावर आणि स्नो स्कूटरच्या वाटेवर सायकल घालू नये. तिथे मागून येणारा थांबू शकत नाही.

सरावासाठी बर्फ लागत नाही, समुद्र लागतो. ताम्हिणी उतरून दिवेआगरला जा. ओहोटीची ओली वाळू दाबलेल्या बर्फासारखी वागते आणि वरची कोरडी वाळू ताज्या बर्फासारखी. हवा १५ वरून ५ पर्यंत टप्प्याटप्प्याने उतरवत तेच अंतर पुन्हा पुन्हा चालवा, तासाभरात हवेचा सगळा धडा होतो. भरतीच्या रेषेवरच्या कोरड्या पट्ट्यात मात्र फार रेंगाळू नका. हिवाळ्यात तिथे समुद्री कासवे अंडी घालतात. घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुऊन चेनला तेल, त्याच दिवशी.

मनालीतही सायकल रात्री उबदार खोलीत घेऊ नका. आत बर्फ वितळून पाणी वायरीत आणि डिस्कवर उतरते, सकाळी बाहेर काढली की तेच गोठते. बर्फ ब्रशने झटका आणि सायकल छपराखाली, थंडीतच उभी करा. आत घ्यावीच लागली तर फडक्याने पूर्ण कोरडी करून मगच बाहेर काढा. आणि पुण्यात परतल्यावर खोके उघडलेत की पहिल्यांदा टायरमध्ये १५ पीएसआय भरा. बर्फातल्या सवयीने ५ च भरून सोसायटीच्या गेटवरचा गतिरोधक ओलांडलात, तर रिम ट्यूबला तिथेच चावेल.